नजर चोरणारा चोर असतोच का?

(भोर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘देहबोलीवरून खोटे कसे ओळखावे’. ते वाचून कोणी चार युक्त्या शिकायला आलं असेल, तर आधीच माफी मागतो. मी युक्ती सांगणार नाही. युक्ती चालत नाही, आणि तरीही ती चालते असं आपल्याला का वाटतं, हे सांगणार आहे. दारं उघडी आहेत, अजून उठून जाता येईल. (हशा)

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. खोटं बोलणाऱ्या माणसाचं वर्णन आपण कसं करतो? तो नजर चोरतो. त-त-प-प करतो. त्याला घाम फुटतो. त्याचा चेहरा पडतो. घशाला कोरड पडते. चोराच्या मनात चांदणं. खाई त्याला खवखवे. आता यातला पहिला शब्दप्रयोग नीट बघा. ‘नजर चोरणे’. एखाद्यानं नुसतं दुसरीकडे बघितलं, तर भाषा आधीच म्हणते की त्यानं काहीतरी चोरलं. आरोप, पुरावा आणि निकाल, तिन्ही एका क्रियापदात. म्हणजे शरीराकडे बघून लबाडी ओळखता येते हा सिद्धान्त आपण कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. तो बोलायला शिकतानाच आपल्या तोंडी बसलेला आहे.

आणि हे फक्त मराठीचं नाही. २००६ साली संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. ७५ देश, ४३ भाषा. प्रश्न साधा होता, माणूस खोटं बोलतोय हे तुम्हाला कशावरून कळतं? जगभर सगळ्यांत जास्त मिळालेलं उत्तर एकच: तो नजर टाळतो. सगळ्या जगाचं एकमत. तत्त्वज्ञानाच्या माणसाला जगाचं एकमत दिसलं की थोडी धास्तीच वाटते.

आता मी माझी एक चूक सांगतो. पुढचं सगळं व्याख्यान त्या चुकीला दिलेलं उत्तर आहे असं समजा.

१९७९ सालची गोष्ट. मी तिशीच्या आतला, नवा नवा प्राध्यापक. राष्ट्रीय सेवा योजनेचं दहा दिवसांचं शिबिर घेऊन वेल्हे तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. पन्नास मुलं, शाळेच्या दोन खोल्या, बांध घालायचं काम. शिबिराचे पैसे माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत. सहाव्या दिवशी संध्याकाळी ट्रंक उघडली तर चारशे वीस रुपये नाहीत. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. त्या दुपारी खोलीत कोण होतं? एक मुलगा. पलीकडच्याच एका वाडीतला. गावची माहिती म्हणून त्याला स्वयंपाकाच्या मदतीला ठेवला होता.

मी त्याला सगळ्यांसमोर बोलावलं आणि विचारलं. तो खाली बघत उभा. पायाच्या अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरतोय. ओठ कोरडे. “नाय सर” एवढंच, तेही घशातल्या घशात. मी म्हटलं, “वर बघ. माझ्या डोळ्यांत बघून सांग.” त्याला ते जमलं नाही. झालं! मला आणखी पुरावा नको होता. डॉक्टरेटचं काम चालू होतं, विषय होता ज्ञानाचं प्रामाण्य, आणि मी एका पोराच्या अंगठ्यावरून निकाल दिला. त्याच रात्री त्याला घरी पाठवलं.

शिबिर संपवून पुण्याला आल्यावर चौथ्या दिवशी माझे एक सहकारी हिशेबाचे कागद घेऊन आले. त्या दुपारी त्यांना निरोप आला होता, आई आजारी. घाईत निघाले. निघताना ट्रंकेतून पैसे घेतले, वेल्ह्याच्या किराणावाल्याचं बिल भागवलं, आणि मला सांगायचं राहिलं. पावती माझ्या हातात दिली. चारशे वीस रुपये. म्हणजे चोर चुकीचा पकडला एवढंच नव्हतं. चोरीच झाली नव्हती.

मी त्या वाडीला गेलो. वडील भेटले, मुलगा मुंबईला गेला होता. कॉलेजात तो पुन्हा आला नाही.

बारा-तेरा वर्षांनी स्वारगेटच्या स्टँडवर त्यानंच मला ओळखलं. चहा घेतला. मी माफी मागितली. तो जे बोलला ते तुम्हाला सांगण्यासारखं आहे. तो म्हणाला, “सर, भीती होती हे खरं. मी रोज उरलेला भात फडक्यात बांधून घरी धाडत होतो. तुम्ही बोलावलंत तेव्हा वाटलं, तेच उघडं पडलं.” आणि डोळ्यांत बघण्याचं काय? “गुर्जींच्या डोळ्याला डोळा आमच्यात कोण लावतो?”

ही साधी दोन वाक्यं आहेत, पण मानसशास्त्रातल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या संशोधनाचं सार त्यांत आहे. पहिलं, शरीर ‘काहीतरी आहे’ एवढंच सांगतं, ‘काय आहे’ ते सांगत नाही. दुसरं, जे मी लबाडीचं चिन्ह म्हणून वाचलं ती त्याच्या घरची मर्यादा होती. थोरांपुढे मान खाली घालून उभं राहायचं, हे आपण शिकवायचं; आणि तसं तो उभा राहिला की त्यालाच चोर म्हणायचं!

आता संशोधन काय म्हणतं ते थोडक्यात. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या दोघांनी २००६ साली तोपर्यंतचे सगळे प्रयोग एकत्र करून तपासले. दोनशेहून अधिक अभ्यास, २४ हजारांहून अधिक माणसं. ही माणसं समोरच्याचं बोलणं ऐकून खरं-खोटं ठरवत होती. बरोबर किती वेळा? शंभरात चौपन्न. नाणं उडवलं असतं तर पन्नास! त्यातही खरं बोलणारे ओळखण्यात ती बरी होती, शंभरात एकसष्ट. खोटं ओळखण्यात सत्तेचाळीस, म्हणजे नाण्यापेक्षाही वाईट.

कोणी म्हणेल, हे सामान्य लोकांचं झालं. अनुभवी माणसाचं वेगळं असतं. सॉल कॅसिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हेच तपासलं. तुरुंगातल्या कैद्यांकडून खरे आणि खोटे कबुलीजबाब नोंदवून घेतले आणि ते विद्यार्थ्यांना नि पोलीस तपास अधिकाऱ्यांना दाखवले. विद्यार्थी जास्त अचूक निघाले. पोलीस कशात पुढे होते? आत्मविश्वासात. अमेरिकेत विमानतळांवर प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित हेरण्याची मोठी योजना आखली गेली. २००७पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाल्यावर, २०१३ मध्ये तिथल्याच सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेनं सांगितलं, हे चालतं याचा पुरावा नाही, निधीला आवर घाला.

आणि एक साधं गणित. समजा माझ्याकडे शंभरात ऐंशी वेळा बरोबर ठरणारी नजर असती, जी कोणाकडेच नाही. पन्नास मुलं, त्यांतला एक चोर. एकोणपन्नास निरपराधांपैकी वीस टक्के चुकून संशयित ठरणार, म्हणजे दहा. दहा निरपराध आणि एक चोर अशी अकरा जणांची रांग माझ्यापुढे उभी राहिली असती, आणि मी म्हटलं असतं, “वा, काय नजर आहे माझी!”

हे असं का होतं? इथं मला आपल्या नैयायिकांची मदत घ्यावीशी वाटते. तर्कसंग्रह शिकलेल्यांना धुराचा दृष्टान्त आठवेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. हे अनुमान चालतं, कारण जिथं जिथं धूर तिथं तिथं अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे. पण उलट करून बघा. डोंगरावर अग्नी आहे, म्हणून धूर असणार. हे चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओलं सरपण लागतं. त्या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात.

आता लबाडी म्हणजे अग्नी आणि घाम म्हणजे धूर असं धरा. लबाडीतून घाम निघायला भीतीचं ओलं सरपण लागतं. ज्याला भीतीच नाही, जो दहा वर्षं तेच खोटं विकतोय, तो तापलेला गोळा आहे. आत नुसता विस्तव, बाहेर धुराची रेघ नाही. त्याला तुम्ही ओळखणार नाही.

दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची. श्रावणात वेल्ह्याच्या बाजूनं तोरण्याकडे बघितलंय ना? खोऱ्यातून धुकं असं वर चढतं की नवख्याला वाटावं, डोंगर पेटलाय. नैयायिकांनीही हे सांगून ठेवलंय की बाष्पाला धूर समजलात तर अनुमान कोसळतं. भिणाऱ्या खऱ्या माणसाचा घाम म्हणजे हे धुकं. त्याला भीती पकडले जाण्याची नसते. आपल्यावर विश्वास ठेवला जाणार नाही याची असते. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञानं या चुकीला ऑथेल्लोचं नाव दिलं. ऑथेल्लो बायकोच्या डोळ्यांतली भीती बघतो आणि तिला अपराधाची खूण समजतो. आपल्याकडे देवलांनी त्याच नाटकाचा ‘झुंझारराव’ केला. आणि याच देवलांचा ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव बघा. तिथं आपण हसतो, कारण शेवटी सगळं निस्तरतं. माझ्या शिबिरात तसं निस्तरलं नाही.

आता कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्यांचं विज्ञान झालं, आपल्या परंपरेनं तर चेहरा वाचायला सांगितलंय. अगदी खरं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात खोट्या पक्षकाराची आणि साक्षीदाराची लक्षणंच दिलेली आहेत. एका जागी ठरत नाही, ओठांच्या कडा चाटतो, कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग बदलतो, तोंड सुकतं, अडखळतो, परस्परविरुद्ध बोलतो, नजरेला नजर देत नाही. मनुस्मृतीतही अशीच यादी आहे. आजच्या रेल्वे स्टेशनवर मिळणाऱ्या ‘देहबोली ओळखा’ पुस्तकातली यादी याहून फारशी वेगळी नसते. किंमत तेवढी जास्त. (हशा)

पण स्मृती वाचून थांबू नका, टीका वाचा. याज्ञवल्क्यावरची मिताक्षरा ही विज्ञानेश्वराची टीका. चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळातली, कल्याणीची. म्हणजे आजच्या सोलापूर-धाराशिवच्या सीमेपलीकडे, बीदर जिल्ह्यात. नऊशे वर्षांपूर्वी. या लक्षणांवर विज्ञानेश्वर काय म्हणतो? तो म्हणतो, यावरून दोषाची केवळ शक्यता कळते, दोषाचा निश्चय होत नाही. कारण? माणसाचा स्वाभाविक विकार कुठला आणि प्रसंगामुळे झालेला विकार कुठला, हे वेगळं करणं फार कठीण आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. माझ्या त्या मुलाच्या कोरड्या ओठांबद्दल नऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलं होतं, आणि मी ते वाचलं निकाल दिल्यानंतर. कौटिल्यही तेवढाच सावध आहे. संशयिताची चिन्हं तो सांगतो, पण मांडव्याचं उदाहरणही देतो, चोर नसताना छळाच्या भीतीनं ‘मी चोर’ म्हणणाऱ्याचं. म्हणून पूर्ण पुरावा पाहूनच शिक्षा करा, असं त्याचं म्हणणं. परंपरेचा अभिमान बाळगायचा तर यादीचा नको, या सावधपणाचा बाळगू.

परंपरेची दुसरी बाजूही लपवायला नको. मराठेशाहीत वतनाचे तंटे गोतसभेपुढे यायचे. कागद, साक्षी, शेजारच्या गावांची ग्वाही, सगळं बघायचे. त्यानंही उलगडा झाला नाही तर दिव्य. रवा काढणे हा त्यातला प्रसिद्ध प्रकार. तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, हाताला पिशवी बांधून मोहोर करायची, आणि काही दिवसांनी हात बघायचा. डाग नाही, तर खरा. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरच्या ग्रंथात हे सगळं सविस्तर आहे. आपण आज त्याला हसतो. पण दिव्यामागची कल्पना काय होती? तोंड खोटं बोलेल, कातडी बोलणार नाही. आता पॉलिग्राफ बघा. हाताला तारा, छातीला पट्टा, रक्तदाब, श्वास, घाम. कल्पना तीच. तेलाऐवजी वीज आली एवढंच. यंत्र घाम अगदी अचूक मोजतं, पण घाम कशाचा हे त्यालाही ठाऊक नाही.

आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खुनाच्या खटल्यात मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीचा अहवाल पुराव्यात धरला आणि जन्मठेप दिली. जगभर त्याची चर्चा झाली. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही चाचणी कोणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही. तो निकाल माणसाच्या स्वातंत्र्याबद्दल आहे, पण ज्ञानाबद्दलही आहे. माणसाला बोलतं करता येतं. त्याच्या कातडीला साक्षीदार करता येत नाही. तरी साक्ष देताना साक्षीदाराचा आविर्भाव कसा होता, त्याबद्दल महत्त्वाचं वाटेल ते न्यायाधीशांनी नोंदवावं, असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २८० सांगत होतं, आणि नव्या संहितेतही ती तरतूद आहे. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. त्या नोंदीला किती वजन द्यायचं, हा प्रश्न मात्र विज्ञानेश्वरानं विचारलेलाच आहे.

मग माणसावर विश्वास ठेवायचा कशावरून? इथं आपल्या मातीतलं उदाहरण घेतो. तुम्हाला ते पाठ आहे, पण आज जरा वेगळ्या बाजूनं बघू.

१६५९ साल. अफजलखान निघाला. मावळच्या देशमुखांना विजापूरहून फर्मानं आली, खानाला सामील व्हा. कारीच्या कान्होजी जेध्यांना आलेलं फर्मान त्या वर्षीच्या १६ जूनचं. इथून जवळच्या उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन शिवाजीमहाराजांकडे आले. आता महाराजांपुढचा प्रश्न बघा. हा माणूस खरंच आपल्या बाजूचा आहे, की विजापूरनं पाठवलेला? चूक झाली तर स्वराज्य जाणार. चेहरा वाचायची वेळ असेल तर हीच.

जेधे करिना काय सांगतो? महाराजांनी डोळ्यांत डोळे घालून ‘खरं सांगा’ म्हटलं, असं नाही. उलट त्यांनी जायची वाट मोकळी करून दिली. तुमचे शेजारी गेले, तुम्ही इथं राहिलात तर वतन जाईल, जिवावर बेतेल, तेव्हा तुम्हीही जा. कान्होजींनी शहाजीराजांशी झालेल्या शपथेची आठवण दिली आणि वतनावर पाणी सोडलं. मग ठरलं की जेध्यांनी आपला कबिला तळेगावला हलवायचा.

हे फार शहाणपणाचं आहे. नजर, आवाज, घाम, या गोष्टींची किंमत शून्य असते. सराव केला की कोणालाही जमतात. वतन सोडणं फुकट जमत नाही. खोटा माणूस नजर रोखून बोलू शकतो, पण पिढ्यान् पिढ्यांचं वतन सोडून बायकापोरं उठवून नेणार नाही, कारण मग खोटं बोलण्यातला फायदाच संपतो. महाराजांनी माणसाचा चेहरा तपासला नाही. आपल्या शब्दासाठी हा काय गमवायला तयार आहे, ते तपासलं. खोपड्यांचं पुढं काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे. कान्होजींच्या रदबदलीनं जीव वाचला, एक हात आणि एक पाय गेला.

पण टीकाकाराचं काम इथं संपत नाही. एक खोचक प्रश्न उरतो. ही हकीकत सांगतो कोण? जेधे करिना, म्हणजे जेध्यांच्या घरचाच कागद. आपल्या घराण्याची निष्ठा आपणच लिहून ठेवलेली. ती खरी कशावरून? अभिमानाच्या भरात हा प्रश्न विचारायला आपण कचरतो. विचारला पाहिजे. कान्होजींवर प्रेम असेल तर जास्तच विचारला पाहिजे.

कागदाला चेहरा नसतो. तो घामेजत नाही, नजर चोरत नाही. तरी मराठेशाहीत बनावट महजर उदंड होते आणि ते पकडलेही जायचे. इतिहाससंशोधक कागद कसा तपासतो? तिथी आणि वार जुळतात का? अक्षराचं वळण, शिक्का, मायना त्या काळचा आहे का? आणि मुख्य म्हणजे, या कागदाशी ज्याचा काही संबंध नाही असा दुसरा कागद तेच सांगतो का? करिन्यातल्या संवादाचा शब्द न् शब्द खरा आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तो घराण्याच्या आठवणीतून आलेला आहे. पण विजापूरचं फर्मान स्वतंत्रपणे उपलब्ध आहे. ते शत्रूपक्षाचं आहे. जेध्यांचं कौतुक करायचं त्याला काही कारण नव्हतं. फर्मान आलं होतं, हे पक्कं. आणि फर्मान येऊनही जेधे स्वराज्यातच राहिले, हे पुढच्या घटना सांगतात. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेली जेधे शकावली आज इतिहासकार मानतात ती याचमुळे. तिच्या नोंदी दुसऱ्या साधनांशी ताडून पाहता येतात.

गंमत बघा. ज्या साक्षीदाराचा चेहराच दिसत नाही, त्याचं खरं-खोटं आपण जास्त नीट करतो. कारण चेहरा नसला की आपण मजकुराकडे बघतो.

आधुनिक संशोधनही इथंच येऊन पोचलंय. लोकांना विचारलं, तुमच्या आयुष्यात पकडलेलं एखादं खोटं आठवा, ते तुम्हाला कसं कळलं? फारच थोड्यांनी सांगितलं की बोलतानाच चेहऱ्यावरून कळलं. बहुतेकांना नंतर कळलं होतं. तिसऱ्या माणसाकडून, एखाद्या कागदावरून, किंवा त्यानंच पुढं कबूल केलं म्हणून. आपल्याकडेही तसंच ना? खोटं पकडलं जातं ते समोरासमोर नाही. बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत. आल्डर्ट फ्राय यांच्यासारखे अभ्यासक आता सांगतात की माणसाकडे टक लावून बघू नका, त्याला बोलू द्या. हकीकत उलट्या क्रमानं सांगायला लावा. तपासता येतील असे तपशील विचारा. तुमच्याजवळचा पुरावा आधी उघड करू नका, मग तो काय सांगतो ते त्याच्याशी ताडून बघा. गोतसभा कागदाला कागद आणि साक्षीला साक्ष लावून बघत होती, ते याहून फार वेगळं नव्हतं.

हे सगळं आजच, आणि इथं, का सांगायचं? कारण भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत सध्या सगळ्यांत मोठा व्यवहार चाललाय तो जमिनीचा. पुणं जवळ आलंय. पांढरे शर्ट घातलेली माणसं येतात, हात धरून बोलतात, डोळ्यांत डोळे घालून बोलतात, “दादा, तुमच्या मुलासारखा मी” म्हणतात. आवाज स्थिर, कपाळ कोरडं. आणि समोरचा शेतकरी सातबारा हातात घेऊन चाचरत बोलतो, कारण त्याला इंग्रजी खरेदीखत वाचता येत नाही. आपली ती जुनी यादी लावून बघा. खोटा कोण ठरेल? शेतकरीच! तेव्हा माणसाचे डोळे बघू नका. सातबारा बघा, फेरफार बघा, चतुःसीमा शेजाऱ्याला विचारा, आणि विचारा की शब्द फिरला तर या माणसाचं काय जाणार आहे? काहीच जाणार नसेल, तर त्याच्या नजरेला किंमत नाही.

आणि जे खुर्चीत बसतात, म्हणजे शिक्षक, पोलीस, तलाठी, साहेब, त्यांना हात जोडून एवढंच सांगेन. तुमच्यासमोर जो थरथरतो तो बऱ्याचदा तुमच्या खुर्चीमुळे थरथरतो. ती भीती तुम्हीच निर्माण केलेली असते, आणि मग तुम्ही तीच पुरावा म्हणून वाचता.

काही प्रश्न आले आहेत, त्यांतले दोन घेतो.

प्रश्न: मग अनुभवाला काहीच किंमत नाही का? आम्ही तीस वर्षं माणसं बघतोय.

उत्तर: अनुभवाला किंमत आहे, पण चूक झाल्याचं कळत असेल तर. भातकऱ्याला दर हंगामात कळतं, रोपं चुकली की शेत सांगतं. तुम्ही ज्याला खोटा ठरवून परत पाठवलंत तो पुन्हा येऊन “साहेब, तुम्ही चुकलात” असं सांगतो का? माझा विद्यार्थी स्वारगेटला भेटला नसता तर मीही आज इथं बसून म्हटलं असतं, शिबिरात एक चोर बरोबर पकडला होता. पावती होती म्हणून वाचलो. तीस वर्षांत अशा किती पावत्या तुमच्यापर्यंत पोचल्या, ते मोजा.

प्रश्न: सर, आईला मुलाचं खोटं लगेच कळतं. ते कसं काय?

उत्तर: (हसून) ताई, कळतं हे मान्य. पण बघा हं, तुम्हाला त्याचा चेहरा कळतो की दिवस कळतो? शाळा किती वाजता सुटली, मित्र कोण, डब्यात काय उरलं, चपलेला चिखल कुठला, हे सगळं तुम्हाला आधीच ठाऊक असतं. तुमच्याजवळ पुरावा असतो. आपण त्याला नजर म्हणतो. शिवाय त्याचं नेहमीचं वागणं तुम्ही जन्मापासून बघताय, म्हणून वेगळं काही झालं तर जाणवतं. परक्या मुलाच्या बाबतीत तुम्ही माझ्याएवढ्याच चुकाल. आणि एक विनंती. घरी गेल्यावर त्याला “माझ्या डोळ्यांत बघून सांग” असं म्हणू नका. “बस, काय झालं ते सुरुवातीपासून सांग” असं म्हणा, आणि तो सांगेपर्यंत मध्ये बोलू नका.